लवूतात्यांचा तारा

टीव्हीवरचा मराठी सिनेमा संपला तशी बिल्डिंगमधली माणसं चटया, चादरी आणि शेंगदाण्यांच्या पुड्या घेऊन गच्चीवर आली. नाहूरच्या त्या गच्चीवर एवढी गर्दी एरवी फक्त कोजागरीला व्हायची. आज चंद्र नव्हता. आज तारे पडणार होते, आणि जणू ते लवूतात्याच पाडणार होते, अशा थाटात सगळे त्यांच्याकडे बघत होते.

त्या वर्षी धूमकेतू यायचा होता, त्यामुळे पेपरवाल्यांचंही डोकं आभाळातच होतं. 'ताऱ्यांचा पाऊस' हा मोठ्या अक्षरातला मथळा तात्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला होता. खालचं बारीक अक्षर त्यांनी शेजारच्या जयंतीकडून वाचून घेतलं. चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणाले. पाऊस म्हणजे खराखुरा पाऊस नव्हे, काळोख लागतो, डोळ्यांना काळोखाची सवय व्हावी लागते, धीर धरावा लागतो, असं त्यात होतं. ते कुणी ऐकलं नाही. मुलगा-सून विरारला राहायला गेल्यापासून तात्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं कुणी उरलंच नव्हतं. आज एवढी माणसं एकदम आलेली बघून ते लगीनघरातल्यासारखे इकडून तिकडे करत होते.

"दिवा घालवा रे," ते म्हणाले. दिवा गेला. थोड्याच वेळात दुसऱ्या मजल्यावरच्या धोंडिरामने सांडलेले शेंगदाणे शोधायला टॉर्च लावला.

"अरे टॉर्च नको! डोळे परत पहिल्यापासून!"

"तात्या, पाऊस कधी सुरू होतोय? छत्री आणू काय?"

सगळे हसले. तात्याही हसले.

मग जयंती एकदम ओरडली, "ए, तो बघा!" सगळ्यांच्या माना वळल्या, तोवर तिथे काहीच नव्हतं.

"कुठेय गं?"

"गेला ना!"

"काय यार, सहारला उतरणारं विमान असेल."

"हे असंच असतं," तात्या घाईघाईने म्हणाले. "बघ म्हणेपर्यंत संपतं. एक गेला की दुसऱ्याची वाट बघायची. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं."

"दहा मिनिटांनी एक? ह्याला पाऊस म्हणतात?" धोंडिरामने चादर झटकली आणि खांद्यावर टाकली. तो उठला तसे बाकीचेही उठले. कुणाला थंडी वाजत होती, कुणाचं पोर झोपलं होतं. जयंती सगळ्यांत शेवटी गेली. पहाटे पाणी भरायचं होतं तिला.

गच्चीवर तात्या राहिले आणि त्यांची बायको जानकी राहिली.

जानकी आल्यापासून चटईवर आडवी होती, डोक्यावरून पदर घेऊन, एक शब्द न बोलता. तिला तारे दिसले होते. पहिला टाकीच्या वर दिसला, मग खाडीच्या अंगाला दोन. जयंतीला दिसलेलाही दिसला होता. पण तिच्या आयेने लहानपणीच बजावून ठेवलं होतं, "तारो तुटलो काय कोणाचो तरी जीव जाता. गप रवचा, बोट दाखवचा नाय, आपल्या माणसाचा नाव मनात घेवचा." म्हणून दर ताऱ्याला जानकीने मंगळसूत्र मुठीत धरलं आणि लग्नापासून जे नाव तोंडाने कधी घेतलं नव्हतं ते मनात घेतलं. नवऱ्याची गच्चीभर थट्टा चालली होती, तेव्हाही ती गपच राहिली.

तात्या तिच्याशेजारी येऊन आडवे झाले.

"उगाच सगळ्यांना वर आणलं गं," ते म्हणाले. "उद्यापासून जिन्यात तोंड दाखवायची सोय नाही." त्यांनी दोन्ही हात उशाला घेतले. "एक दिसला असता ना, तरी चाललं असतं. आपल्या दोघांना. मग कुणी नसलं तरी चाललं असतं."

जानकीला भडभडून आलं. इतक्यात खाडीच्या अंगाला एक तारा सुटला, पांढरा, सावकाश. ती कोपरावर उठली आणि तिने बोट दाखवलं.

"अवो, थय बगा, थय!"

तात्या दचकून उठून बसले. त्यांनी मान वळवली ती भांडुपच्या बाजूला. तिकडे कारखान्याच्या चिमणीवर रोजचा लाल दिवा होता.

"दिसला!" ते ओरडले. "दिसला गं! केवढा मोठा! लाल होता, नाही?"

जानकीने चिमणीकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "लाल."

"उद्या सांगतो त्या धोंडिरामला!"

"सांगू नका. असला काय सांगूचा नसता."

"बरं बाई, नाही सांगत. आपल्याला दिसला, बस्स झालं." ते पुन्हा आडवे झाले. इतके खूश ते विरारच्या घराच्या वास्तुशांतीलाही नव्हते. जानकीने दाखवलेलं बोट दातांखाली धरून चावलं, आणि आपली अर्धी शाल त्यांच्या अंगावर ओढली.

मग त्यांच्या अगदी डोक्यावरून एक मोठा तारा गेला. खाडीपासून पार डोंगरापर्यंत पांढरी रेघ उमटली, पाण्याची टाकी क्षणभर उजळली. तात्या डोळे टक्क उघडे ठेवून वर बघत होते.

"आता नाही पडत, नाही का गं?" त्यांनी विचारलं.

जानकीने मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं.

"नाय," ती म्हणाली. "आज तेवढोच एक तारो."