साडेतीन दिवसांची रूपा

बुधवारी दुपारी एकपर्यंत रूपा आईची आणि एक वाजून एक मिनिटानं बापाची, यावर अखेर दोन्ही वकिलांचं एकमत झालं. तीन वर्षांच्या खटल्यातलं हे पहिलंच एकमत. म्हणून सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

अभय आणि विशाखाचा घटस्फोट तसा सोपा होता. अडलं होतं ते नऊ वर्षांच्या रूपावर. अभय वाळूजला कंपनीत सुपरवायझर. तिथंच खोली घेऊन राहायचा. विशाखा बँकेत, रूपाला घेऊन गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. दोघांनाही पोरगी पूर्ण हवी होती. ती मिळेना, तेव्हा अर्धी-अर्धी घ्यायला दोघं राजी झाले. वाटणी अगदी चोख होती. चौदा एप्रिल सम वर्षी आईकडं, विषम वर्षी बापाकडं. दप्तर एक, गणवेश दोन. ताप आला, तर ज्याच्या दिवसांत आला त्याचा.

न्यायाधीश बाईंनी कागद वाचला.

"मुलीला विचारलंत?"

"ती अज्ञान आहे, मॅडम," अभयचे वकील म्हणाले.

कायद्याच्या भाषेत ते बरोबरच होतं. सज्ञान माणसं समोर उभी होती.

"वाटणी ठीक आहे," बाई म्हणाल्या. "फक्त एक बदल करू. मुलगी फ्लॅटमध्येच राहील. साडेतीन-साडेतीन दिवस तुम्ही दोघं ये-जा करा. महिनाभर करून बघा."

दोघांनी आनंदानं सह्या केल्या. मोठ्या माणसांना त्यात काय अवघड?

पहिल्याच आठवड्यात रूपाचा डबा करून निघेपर्यंत अभयची कंपनीची बस दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बस मिळाली, पण ओळखपत्र वाळूजच्या खोलीवर राहिलं होतं. विशाखा तिचे साडेतीन दिवस सिडकोत भावाकडं काढायची. वहिनी इतकी गोड बोलायची, की दुसरा चहा मागायची चोरी. रक्तदाबाच्या गोळ्या एका घरी आणि विशाखा दुसऱ्या घरी, असं नेहमीचंच झालं. तिसऱ्या आठवड्यात अभय झोपेतून उठला आणि सरळ भिंतीवर आदळला. वाळूजच्या खोलीत त्या बाजूला दार होतं.

रूपाचं मात्र झकास चाललं होतं. ती रोज आपल्याच पलंगावर झोपत होती.

महिना भरला, तेव्हा नवरा-बायकोनं दोघांत मिळून एकच अर्ज केला. लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच. बाईंनी तो मोठ्यानं वाचला.

"'सततच्या ये-जा करण्यानं झोप लागत नाही. कामात लक्ष राहत नाही. आपलं घर कोणतं, हेच कळेनासं झालं आहे. कुठल्याही माणसाला असं राहायला लावणं हा अन्याय आहे.' बरोबर?"

"लई हाल झाले, मॅडम," अभय म्हणाला.

"अर्ज मंजूर. मग आधी ठरल्याप्रमाणं करू. तुम्ही आपापल्या घरी राहा. ये-जा रूपा करील."

विशाखा फरशीकडं बघत राहिली. अभयनं दाराकडं पाहिलं. बाहेरच्या बाकावर पाय हलवत रूपा गृहपाठ करत होती.

"नको," तो म्हणाला. "इशाखाकडंच राहू द्या तिला. मी येत जाईन रविवारी."

"रविवारीच कशाला?" विशाखा मान वर न करता म्हणाली. "तिला आठवण आली की ये."

बाई निकाल लिहायला लागल्या. अभयच्या वकिलांनी त्याची बाही ओढली आणि त्याच्या कानाशी लागून कळवळून म्हणाले, "अहो, काय केलंत हे? अर्धी तर आपण जिंकली होती!"