कुंभाराचे स्कोन

पहिली खेप दगड निघाली. कुंभाराने एक स्कोन, ओव्हनमध्ये भाजायचा तो छोटा खुसखुशीत पाव, ओट्यावर आपटून पाहिला. टण्ण वाजला.

आतल्या खोलीत बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळ रडलंच नाही. आलं तसंच गेलं. तेव्हापासून तिने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. सकाळी डॉक्टरीणबाई बजावून गेल्या होत्या, "आज पोटात काही गेलं नाही, तर उद्या हिला दवाखान्यात हलवावंच लागेल." त्यावर ती पहिल्यांदाच बोलली होती. एवढंच: "आई करायची तसा स्कोन..."

त्याने सासूला फोन लावून स्कोन दगड झाल्याचं सांगितलं.

"जावईबापू, पीठ मळलंत की काय?"

"चांगलं तिंबलं, आई. हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही."

"अहो, ते काय मडकं आहे पाणी भरायला? थंड लोणी बोटांच्या टोकांनी पिठात चुरा. दूध घाला, जेमतेम गोळा करा आणि हात काढून घ्या."

हात काढून घ्यायचा! त्याचा तर सगळा जन्म हातांवर चाललेला. डब्यात एका खेपेपुरताच मैदा उरला होता. तिला एकटीला टाकून दुकानात जायचा धीर नव्हता.

त्याने लोणी चुरलं, तान्ह्याच्या टाळूला हात लावावा इतक्या हलक्या हाताने. तान्ह्याची टाळू मनात आली आणि बोटं पिठातच थांबली. मग कशीबशी पुन्हा चालू लागली.

तो ओव्हनच्या काचेसमोर उकिडवा बसून राहिला. स्कोन फुगले, वर आले. आणि एकेकाच्या कुशीला आडवी भेग पडली.

भट्टीत भेग पडली की मडकं गेलं. त्याला दुसरं ठाऊक नव्हतं. ट्रे बाहेर काढून त्याने जमिनीवर ठेवला आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

"फुटले," तो म्हणाला. "हेही फुटले गं."

भिंत धरत धरत ती दारापर्यंत आली होती. त्याच्याशेजारी टेकली. एक गरम स्कोन उचलून भेगेत अंगठे घातले, अलगद उघडला. आतून वाफ आली.

"फुटले नाहीत हो. हे असेच उमलतात."

अर्ध्याचा घास तिने तोंडात घातला. चावताना डोळे वाहत होते. उरलेला अर्धा तिने त्याच्या ओठांशी धरला.

"खा. तुम्हीपण तेव्हापासून उपाशीच आहात. मला काय कळत नाही?"