नाल्याचा रंग

नाल्यातलं पाणी काचेसारखं नितळ होतं. कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या मालकांनी वाकून पाहिलं आणि मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

तपासणीला आलेल्या मॅडमना त्यांनी गाडीतून थेट इथे, कुंपणाबाहेर आणलं होतं. मुद्दामच. सकाळी निघताना त्यांनी लेकीला बजावलं होतं, लाल रंगाचे हौद आज बंद ठेव आणि बागेचा नळ नाल्यात सोडून दे. लहान मुलांच्या कपड्यांची मोठी ऑर्डर दारात उभी होती. पर्यावरणाचं प्रमाणपत्र नसेल तर ती परत फिरणार, आणि चाळीस माणसं घरी बसणार. मालकांच्या लेखी प्रमाणपत्र म्हणजे नुसता शिक्का. लेक मात्र रसायनशास्त्र शिकून आलेली. आठ महिने तिनं मागच्या आवारात सांडपाणी गाळायला म्हणून टाक्या, वाळू आणि कोळशाचा पसारा मांडला होता. 'पोरीची भातुकली' म्हणून मालक तिकडे फिरकलेही नव्हते.

मॅडमनी नमुन्याची बाटली भरली आणि तापमापक पाण्यात धरला. तेवढ्यात पलीकडच्या काठावर रोपवाटिकेचे काका बादली घेऊन आले. नाला पायाशी असून वीस वर्षं त्यांनी रोपांना विहिरीचं पाणी ओढून घातलं होतं.

"मालक, कारखाना बंद पडला की काय? आजवर आम्ही नाला बघून सांगायचो, आत कुठला रंग चाललाय ते." मग ते खुशीत म्हणाले, "आता रोज असंच येणार ना? म्हणजे विहिरीचा दोर गुंडाळून ठेवतो मी."

मॅडमनी मान वर केली. मालकांची थाप तयार होती. पण काकांनी बादली नाल्यात बुडवलीसुद्धा होती, आणि मालकांनी ती थाप सोडून दिली.

"दोर गुंडाळू नका, काका," ते म्हणाले. "आज काम बंद आहे. हे नळाचं पाणी आहे." मग मॅडमकडे न बघताच म्हणाले, "लिहा तुम्ही, काय लिहायचं ते."

मॅडमनी काहीच लिहिलं नाही. तापमापक डोळ्यांजवळ नेला. पुसला, पुन्हा बुडवला, पुन्हा पाहिला.

"नळाचं पाणी गार असतं," त्या सावकाश म्हणाल्या. "हे सदतीस अंश आहे."

मालकांनी बाहीसकट हात पाण्यात घातला. कोमट! तीस वर्षं हौद सोडताना हाताला लागायची तीच ऊब. वयाचा विचार न करता ते फाटकातून पळत सुटले, मागच्या आवारातल्या टाक्या ओलांडून, रंगशाळेपर्यंत.

दार आतून उघडलं. वाफेचा लोट बाहेर आला आणि त्यामागून लेक.

"रागावू नका, बाबा," ती म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत लालभडक होते.