होळीच्या आत

कारकुनाने भरपाईच्या अर्जावरची तारीख वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि म्हणाला, “पंधरा दिवस उशीर झाला.”

“कसा काय बाबूसाहेब?” सूर्यभान म्हणाला. “होळी तर अजून चार रोज हाये.”

“होळीचा काय संबंध?”

“होळीच्या दिवशीच हात गेला ना. वर्षाच्या आत अर्ज टाका म्हणते कायदा. म्हणून होळीच्या आत टाकून राहिलो.”

कारकून हसला नाही. “गेल्या वर्षी अधिक श्रावण होता. तुमची होळी एकोणीस दिवस पुढे गेली. कायदा तिथीने चालत नाही. अपघात पाच मार्च अठ्ठावन्नचा. मुदत पाच मार्च एकोणसाठला संपली. आज वीस तारीख आहे.”

सूर्यभानच्या मागे त्याचा जावई खुशालराव उभा होता. त्याने कपाळावर हात मारला. “मामाजी, हे माह्या ध्यानातच आलं नाई.”

अमरावतीहून अकोल्याला परतताना सूर्यभानची बायको केशरबाई म्हणाली, “धोंड्याच्या महिन्यात जवाईबापूले जेवू घातलं, अनारसे देले. अन् महिना वाढला हे आपणच इसरलो.”

सूर्यभानने अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात अठरा हंगाम काढले होते. यंत्राच्या पट्ट्यात डावा हात सापडला आणि डॉक्टरांना तो कोपराच्या वर कापावा लागला. मालकाने दवाखान्याचा खर्च दिला. त्यापुढचे बोलणे मात्र टाळले. भरपाई मिळाली तर मोर्णा नदीच्या पुलाजवळ मुरमुरे-फुटाण्यांची गाडी लावायची, असे सूर्यभानने ठरवले होते. माप भरायला एक हात पुरतो. तोवर केशरबाई दुसऱ्यांच्या घरची धुणी धूत होती.

धावपळ सगळी खुशालरावाने केली. तो सातवी पास होता. दर्यापूरच्या कापूस बाजारात हंगामापुरता मापारी आणि बाकीचे आठ महिने रिकामा. कायद्यात मुदत वर्षाची आहे, हे त्यानेच चौकशी करून आणले. “होळीले हात गेला, म्हणजे होळीच्या आत टाकू,” तोच म्हणाला. त्याआधी समजुतीने काही मिळते का, हे पाहायला तो जिनाच्या मॅनेजरकडे चार वेळा गेला.

“मीबी येतो,” सूर्यभान दर वेळी म्हणे.

“तुमी नका येऊ मामाजी. तुमचा पारा चढते. चार शिव्या हासडसान अन् काम बिघडन.”

हे खरे होते. सूर्यभान घरी थांबे.

फेब्रुवारीत जिनाचा मुकादम जानराव जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी आला. दारातूनच त्याने विचारले, “अर्ज टाकला का सूर्यभान?”

“टाकू होळीच्या आत.”

“होळीची वाट काहून पाह्यतं? उद्याच जाय ना.”

केशरबाई चुलीजवळून उठली. “शेटचा मुकादम आमाले शेटवर अर्ज टाकाले सांगते? कोणं धाडलं भाऊ तुमाले?”

“कोणी नाई धाडलं वहिनी. माह्या डोयापुढं हात गेला ह्याचा.”

“मंग तवा कुठी होते? सालभर तं तोंड नाई दाखवलं.”

जानराव चहा न घेताच गेला.

पुढच्या रविवारी खुशालरावाला हे कळले तेव्हा तो हसला. “कच्चा अर्ज टाकून घ्याचा अन् मंग उडवाचा, हे त्यायचं जुनं काम हाये. मी पक्का करून आणतो.” आणि पक्का टाइप केलेला अर्ज घेऊन तो वीस मार्चला आला.

उशिरा आलेला तो अर्ज भरपाईचा निकाल देणाऱ्या साहेबांपुढे गेला. साहेबांनी सूर्यभानला समोर बसवले.

“पाच मार्चनंतरचा उशीर माफ करता येतो,” ते म्हणाले. “कारण खरं पाहिजे. तुम्ही वर्ष तिथीने मोजत होता, खरी तारीख तुम्हाला कुणी सांगितली नाही, एवढं शपथेवर सांगणारा कुणी आहे?”

“हाये ना साहेब,” सूर्यभान म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच मोकळा हसला. “घरचाच हाये. माहे जवाई.”

सुनावणी सोळा एप्रिलला होती. खुशालराव दर्यापूरहून परस्पर अमरावतीला आला.

“इंदूले नाई आणलं?” केशरबाईने विचारले.

“तिले काम होतं मामी.”

“बरी हाये ना पोरगी?”

“बरी हाये.”

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. प्रवासाने थकला असेल, म्हणून केशरबाईने त्याला पाणी आणून दिले. जिनाचे वकील समोर कागद चाळत होते.

पुकारा झाला. खुशालराव उभा राहिला. त्याने शपथ घेतली. नाव सांगितले, वय सांगितले, मुक्काम दर्यापूर सांगितला.

“धंदा?” साहेबांनी लिहिता लिहिता विचारले.

“नोकरी.”

सूर्यभानने मान वर केली. कापसाचा बाजार तर उठला होता.

“कुठे?”

“जिनात. काट्यावर कारकून. कायम.”

“कुणाच्या जिनात?”

खुशालरावाने वकिलांकडे पाहिले. वकिलांनी मान वर केली नाही.

“ह्याच शेटजींच्या. त्यांचं दर्यापूरलाही जिन आहे.”

साहेबांची लेखणी थांबली. “केव्हापासून?”

“सहा मार्चपासून.”