घट्ट भिंतीचे बुडबुडे

वैजिनाथनं कोलेस्टेरॉलची पूड नेहमीच्या दुप्पट टाकली आणि काचेचा चंबू फिरत्या यंत्राला लावला. आज बुडबुडे फुटायला नको होते. एकही नको.

बाहेर कॉलेजच्या दारात सडा घालणं चाललं होतं. धारूरच्या या औषधशास्त्र कॉलेजला वरचा, एम. फार्म.चा वर्ग हवा होता आणि त्यासाठी दिल्लीहून कमिटी येत होती. ती वैजिनाथचं काम बघून ठरवणार होती. उजेड मोजायचं यंत्र लातूरच्या ओळखीच्या कॉलेजातून जीपमध्ये घालून आणलं होतं, संध्याकाळी ते परत जाणार होतं. त्या वर्षांत गल्लोगल्ली कॉलेजं निघाली होती आणि तपासणीची हीच रीत होती. यंत्रं उसनी, पुस्तकं उसनी. कधी मास्तरही उसने.

चार वर्षांपूर्वी मात्र वैजिनाथच्या जागी मास्तर उसना मिळाला नाही. त्याच्या बायकोच्या, कावेरीच्या छातीत गाठ निघाली होती. मुंबईला न्यायचं ठरलं होतं. संस्थेचे अध्यक्ष अर्जुनराव म्हणाले, "सर, कमिटी येऊन जाऊ द्या. मग खुशाल जावा." कमिटीची तारीख पुढं गेली, मग अजून पुढं गेली. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, आता जोराचं औषध द्यावं लागेल. ते लाल औषध गाठीला लागलं तसंच हृदयालाही लागलं. कावेरी गाठीनं गेली नाही. हृदय थांबून गेली.

तेव्हापासून वैजिनाथ बुडबुडे करत होता. चरबीचे, डोळ्याला न दिसणारे. आत औषध भरायचं. गाठीची जागा जराशी आंबट असते. बुडबुडा तिथंच फुटावा, हृदयाजवळ फुटू नये, एवढंच त्याला हवं होतं. पण रक्तात गेले की त्याचे बुडबुडे वाटेतच गळायचे. साध्या खारट पाण्यात तेवढे टिकायचे. कोलेस्टेरॉल वाढवलं तर भिंत घट्ट होते, गळत नाही, पण मग ती आंबटातही फुटणार नाही, असं तो वर्गात ठासून शिकवायचा. करून कधी बघितलं नव्हतं.

आज केलं. अर्जुनरावांचं नाक कापायला.

मागच्या खोलीतून चंबू घेऊन तो प्रयोगशाळेत आला आणि दारातच थांबला. भिंतीवर कावेरीचा फोटो होता, वर ताजा हार. कॉलेजच्या हळदीकुंकवाच्या फोटोतून कापून मोठा केलेला. बाजूच्या कुणा बाईचा खांदा तसाच राहिला होता.

"मला विचारायचं तरी," वैजिनाथ म्हणाला.

"अवो सर, असलं बघून कमिटी लई पाघळती," अर्जुनराव हळूच म्हणाले. "आन् तुमी खारट पाण्यातच दाखवा. रक्ताबिक्ताचं नाव काढू नका."

वैजिनाथनं मान हलवली. चंबूवरची बोटं त्याला सैल करावी लागली.

कमिटीच्या प्रमुख सत्यभामा मॅडम मूळच्या इथल्याच, जवळच्या दिंद्रुडच्या होत्या. चहा बाजूला सारून त्या म्हणाल्या, "खारट पाण्यात कुणाचेही टिकतात. रक्तातलं पाणी आहे का?"

होतं. कसायाकडून आणलेल्या बोकडाच्या रक्ताचं, वैजिनाथनंच काढलेलं. घरात कधी अंडं न फोडलेला माणूस चार वर्षं कसायाच्या दुकानात उभा राहत होता. अर्जुनरावांचा चेहरा उतरला. वैजिनाथला बरं वाटलं.

खोलीत अंधार केला. निळा दिवा लावला. बुडबुड्यांत आज औषधाऐवजी रंग होता. आत कोंडलेला असला की मिणमिणतो, बाहेर पडला की हिरवा पेटतो. रक्ताच्या पाण्यात बुडबुडे घातले. नळी काळोखीच राहिली. मॅडम पुढं वाकल्या.

आता दुसरी नळी. यातही काळोखच राहील, आणि मग म्हणायचं, "चार वर्षांत इथं काहीच झालं नाही, मॅडम." वाक्य ओठावर तयार होतं. त्यानं आंबट थेंब सोडला.

नळी हिरवीगार पेटली.

त्यानं नवी नळी घेतली. पुन्हा तेच. उसन्या यंत्राचा काटाही तेच सांगत होता. अर्जुनरावांनी टाळ्या वाजवल्या.

"तुमच्या जुन्या लेखात तर हे रक्तात गळायचे," मॅडम म्हणाल्या. "काय बदललंत?"

गप्प राहणं सोपं होतं. दुप्पट कोलेस्टेरॉलचं ठाऊक नसताना ते पुन्हा कुणाला जमलं नसतं. वरच्या वर्गाची पाटी लागली असती आणि वर्षभरात सगळ्यांदेखत उतरली असती. सूड पुरा झाला असता. आणि बुडबुडे इथंच मेले असते. पेटलेल्या नळीशेजारी ती काळोखी नळी उभी होती. तिच्यातले बुडबुडे रक्ताच्या पाण्यातही गळले नव्हते.

"कोलेस्टेरॉल दुप्पट टाकलं," तो म्हणाला. "सगळं बिघडावं म्हणून."

अर्जुनराव हसले. "सर गंमत करत्यात."

"गंमत न्हाई."

"कावून बे?" अर्जुनराव कमिटीसमोरच ओरडले. "कावून बिघडवतो?"

"ही मरत होती तेव्हा तुमी मला इथं कोंडून ठेवलं म्हणून." त्यानं फोटोकडं बोट केलं. "आता तिला हार घालून तुमी वर्ग मागताय."

कुणीतरी खोलीतला दिवा लावला. मॅडमनी विचारलं, "हे पुन्हा करता येईल? पहिल्यापासून? आम्ही आज मुक्काम करतो."

"करतो," वैजिनाथ म्हणाला. "पण अर्जुनराव इथंच बसतील. शेवटची नळी होईपर्यंत उठायचं नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही."

मॅडमनी अर्जुनरावांकडं पाहिलं. अर्जुनरावांनी दाराकडं पाहिलं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि फोटोच्या समोर बसले.