पाच मिनिटांची चाचणी

"मॅडम, धरणाचे दरवाजे उघडलेत म्हणे. गाव हलवू का?" नदीकाठच्या गावाचे सरपंच फोनवर विचारत होते.

"थांबा हो, आकडा येऊ दे," पूरनियंत्रण कक्षातली अभियंता यामिनी म्हणाली. पाणी गावात कधी शिरणार, हे संगणकाने सांगितल्याशिवाय भोंगा वाजवायचा नाही, असा इथला दंडक होता. गेल्या वर्षी नुसत्या अंदाजावर भोंगा वाजवला आणि सगळ्यांचं हसं झालं होतं.

तिने लॅपटॉपवर हात टेकला आणि चटका बसून मागे घेतला. आतला पंखा किंचाळत होता, पडद्यावरची, हिशेब किती झाला ते दाखवणारी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. हिवाळ्यात तिनेच तर शर्यत लावली होती. एकीकडे डेस्कटॉपचं ते जुनं धूड, दुसरीकडे हा चकचकीत लॅपटॉप. प्रोसेसर दोघांचाही एकाच नावाचा. पाच मिनिटांच्या चाचणीत लॅपटॉप जिंकला, टाळ्या पडल्या, डेस्कटॉप भंगारात गेला. तासभर दामटल्यावर कोण तापून मंदावतं, हे पाहायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"मॅडम, अजून किती?" सरपंचांच्या मागे आता गुरं हंबरत होती.

"झालंच."

अखेर पट्टी भरली. पाणी गावात शिरेल: दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते.

"सरपंच?"

फोन चालूच होता. पलीकडचं हंबरणं थांबलं होतं. नुसतं पाणी ऐकू येत होतं.