पहिलं वळण

"भिकार मशीन आहे हे!" अण्णांनी कीबोर्ड आपटला. तीस वर्षांपूर्वीचा तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम नव्या कॉम्प्युटरवर चालू झाला खरा, पण गाडी अशी सुसाट सुटायची, की पहिल्याच वळणावर खड्ड्यात.

"नवं मशीन फास्ट असतं, म्हणून जुने गेम असे पळत सुटतात," त्यांच्या लेकीने, मुग्धाने दातओठ खात चौथ्यांदा सांगितलं. तिची अख्खी रजा यातच चालली होती. "थांबा, वेग कमी करते."

"मला शिकवू नकोस! या गेममध्ये ऑफिसात माझा हात धरणारा कोणी नव्हता."

तिने वेग अगदी पूर्वीइतका केला. स्वतः एक फेरी मारून पाहिली. गाडी आरामात शेवटपर्यंत पोचली. मग अण्णा बसले. पहिल्याच वळणावर खड्ड्यात.

"अजून फास्टच आहे! काही येत नाही तुला!"

ती उसळून बोलणार, तोच बटण शोधताना थरथरणारं त्यांचं बोट तिला दिसलं.

"मेलं मशीनच भिकार आहे!" ती अण्णांपेक्षा मोठ्याने ओरडली आणि वेग निम्म्यावर आणला.